पॉइंट सहा व्होल्ट

पॉइंट सहा व्होल्ट! माझ्या हृदयाच्या वरच्या कप्प्याकडून एक ठोका मिळवायला एवढंच पुरतं. भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी. आणि हा दाब द्यायचा किती वेळ? पॉइंट चार मिलिसेकंद. एका सेकंदाचे अडीच हजार तुकडे करा, त्यातला एक. तेवढ्यात काम झालेलं असतं, पुढचं सगळं हृदय आपलं आपण करतं. हा आकडा मी गेल्या आठवड्यात पडद्यावर पाहिला, माझ्याच छातीतल्या पेसमेकरमधून आलेला, आणि तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगत सुटलो आहे. सकाळच्या फिरण्याच्या मंडळींना सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं, पुण्याच्या मुलीला फोनवर सांगून झालं. आता लिहून काढतो, कारण पेसमेकर बसवलेली कितीतरी माणसं त्यानंतरच्या पहिल्या तपासणीला भीत भीत जातात आणि समोर चाललेलं नवल न बघताच परत येतात.

माझी सगळी नोकरी वीज मंडळात, टेस्टिंग विभागात झाली. सबस्टेशनांमधले रिले तपासायचे, त्यांची सेटिंग करायची, ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन मेगरने मोजायचं. व्होल्ट, ओहम, मिलिसेकंद या भाषेत मी आयुष्यभर बोललो. पण ती भाषा एक दिवस माझ्याच हृदयाबद्दल बोलली जाईल, आणि पंचविशीतली एक मुलगी मला माझ्या छातीतला इम्पिडन्स वाचून दाखवील, हे कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

झालं होतं असं, की चालता चालता डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा अंगणातच पडलो. डॉक्टरांनी चोवीस तास छातीला होल्टर, म्हणजे ठोके नोंदवणारं यंत्र, लावून ठेवला, तेव्हा त्यात हृदय मध्येच चार-चार सेकंद थांबलेलं दिसलं. आजाराचं नाव सिक सायनस सिंड्रोम. उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटासा पुंजका असतो, सायनस नोड. ठोक्याची सुरुवात तिथून होते. माझा तो पुंजका थकला होता. मग डाव्या कॉलर बोनखाली टायटॅनियमची छोटी डबी, म्हणजे पेसमेकर, बसली, वजन पंचवीस-तीस ग्रॅम, आणि तिच्यातून निघालेल्या दोन लीड, म्हणजे तारा, शिरेतून हृदयात गेल्या. एक वरच्या कप्प्यात, एक खालच्या.

घरी सोडण्याआधी पेसमेकर एकदा तपासतात, नंतर आठ-दहा दिवसांनी जखम बघायला बोलावतात. पण खरी पहिली तपासणी साधारण दोन-तीन महिन्यांनी असते. त्या मुदतीला कारण आहे, आणि ते कारण मला इतकं आवडलं की त्याबद्दल पुढे सविस्तर सांगणारच आहे.

आधी जाण्याची तयारी. उपाशी राहायची गरज नसते. सुई नाही, काप नाही, भूल नाही. पुढून बटणं असलेला शर्ट घालावा. बायकांनीही पुढून सहज उघडेल असं काही घालावं, म्हणजे अवघडल्यासारखं होत नाही. चालू गोळ्यांची यादी आणि डिस्चार्जचे कागद घ्यावेत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पेसमेकरचं ओळखपत्र. त्यावर कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, लीडचा प्रकार, बसवल्याची तारीख असं सगळं असतं. हे कार्ड एवढं का जपायचं ते मला तिथे गेल्यावर कळलं: पेसमेकरशी बोलणारं यंत्र ज्या त्या कंपनीचं वेगळं असतं. एका कंपनीचं यंत्र दुसऱ्या कंपनीच्या पेसमेकरला वाचू शकत नाही. परगावी काही झालं तर डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच पडतो, डबी कुणाची? कार्ड खिशात असेल तर उत्तर तिथेच मिळतं. मी घरी आल्या आल्या त्याचा फोटो काढून घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर पाठवला.

तपासणीसाठी मिरजेच्या रुग्णालयात पोचलो तेव्हा बाकावर आमच्यासारखी आणखी काही मंडळी बसलेली. आमची ही मला म्हणाली, "शांत बसा जरा." मी शांत कसला बसतोय! आत लॅपटॉपएवढं एक यंत्र दिसत होतं, त्याला प्रोग्रामर म्हणतात. त्याच्या वायरच्या टोकाला माउससारखा एक तुकडा, तो म्हणजे वाँड. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी कंपनीची टेक्निशियन रुग्णालयात येऊन हे काम करते आणि डॉक्टर तिच्याबरोबर आकडे बघून निर्णय घेतात. इथेही तशीच एक मुलगी होती. तिने आधी जखम पाहिली: लाली आहे का, सूज आहे का, हाताला गरम लागतं का, काही पाझरतंय का. मग डावा हात वर करायला सांगितला. सुरुवातीचे चार-सहा आठवडे तो खांद्याच्या वर न्यायचा नसतो, कारण लीडची टोकं अजून रुजायची असतात. पण म्हणून हात अंगाशी बांधल्यासारखाही ठेवायचा नसतो. आमच्या बाकावरच्या एका आजोबांनी भीतीपोटी तो हलवलाच नव्हता आणि त्यांचा खांदा पार आखडला होता.

मग मी आडवा झालो. हातापायांना ईसीजीच्या क्लिपा लावल्या, शर्टावरूनच वाँड डबीवर ठेवला, आणि पडदा जागा झाला.

इथे थोडं थांबतो. बंद कातडीखाली, सीलबंद धातूत असलेल्या सर्किटशी बाहेरून संवाद सुरू झाला होता. ना वायर, ना टोचणं. काही सेकंदांत माझ्या पेसमेकरने बसवल्यापासूनचा सगळा हिशेब सांगून टाकला. बॅटरी किती, लीडचा इम्पिडन्स किती, किती टक्के ठोके मी दिले, किती टक्के तुझ्या हृदयाने, रोज तुझी गती कुठून कुठे गेली. मी उठून बसायला लागलो तशी ती मुलगी म्हणाली, "काका, पडून राहा, मी पडदा तुमच्याकडे वळवते." देव तिचं भलं करो. तुम्ही जाल तेव्हा हे जरूर मागा. पडदा आपल्याकडे वळवून घ्या.

पडद्यावर ईसीजीची रेघ धावत होती आणि तिच्याखाली छोटी छोटी अक्षरं उमटत होती. ए-एस, व्ही-एस, ए-एस, व्ही-एस. मध्येच ए-पी, व्ही-एस. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, ए म्हणजे वरचा कप्पा, व्ही म्हणजे खालचा. एस आलं की समजायचं, ठोका तुमचा स्वतःचा, पेसमेकरने फक्त ऐकला. पी आलं की ठोका पेसमेकरने दिला. पुन्हा बघा: ए-एस. ए-एस. ए-एस. तो ऐकत होता! माझं हृदय जेव्हा जेव्हा स्वतः काम करत होतं, तेव्हा तो गप्प होता. ठरवलेल्या वेळात ठोका आला नाही तरच पुढे सरकत होता, एक ठोका देऊन परत गप्प.

टक्केवारी आली: वरच्या कप्प्यात 31 टक्के ठोके त्याचे, खालच्या कप्प्यात एक टक्काही नाही. म्हणजे वरून निघालेला ठोका खाली पोचवायची माझी स्वतःची वायरिंग ठीक होती, त्यामुळे खालची लीड जवळजवळ पूर्ण वेळ नुसता पहारा देत होती. आपण म्हणतो "त्याचं हृदय पेसमेकरवर चालतं." माझ्या बाबतीत तरी ते खरं नाही. हृदय हृदयावरच चालतं, पेसमेकर त्याच्याकडे कान लावून बसलेला असतो. काहींना शंभर टक्के ठोके पेसमेकरचे लागतात, तो आजार वेगळा, आणि तिथेही तो दर ठोक्याआधी वाट पाहतोच. मला यात माझा रिले दिसला. सबस्टेशनच्या पॅनेलवर वर्षानुवर्षं गप्प बसून लाइन बघत राहणारा, गरज पडली तर क्षणात काम करणारा आणि एरवी नसल्यासारखा असणारा. आयुष्यभर अशांची देखभाल केली, आणि त्यांच्याच जातीतला एक आता माझी करतो आहे.

मग एकेक चाचणी. पहिली त्याच्या कानांची. हृदय स्वतः ठोका देतं तेव्हा लीडच्या टोकाशी किती मिलिव्होल्टचा सिग्नल येतो ते मोजतात. माझा वरच्या कप्प्यात 2.8, खालच्या कप्प्यात 11. मिलिव्होल्ट! व्होल्टचा हजारावा भाग, आणि तो ओळखायचा कुठे, तर छातीचे स्नायू आखडताहेत, हात हलतोय, घरात मिक्सर फिरतोय अशा सगळ्या गोंगाटात. त्यासाठी लीडच्या टोकाला थोड्याशा अंतरावर दोन इलेक्ट्रोड असतात आणि डबी त्या दोहोंमधला फरक तेवढा मोजते. दूरचा गोंगाट दोघांपर्यंत सारखाच पोचतो, म्हणून वजाबाकीत निघून जातो. जवळचा ठोका दोघांना वेगळा दिसतो, तो उरतो. डिफरन्शियल तत्त्व! हेच तत्त्व ट्रान्सफॉर्मरच्या संरक्षणासाठी मी वापरलं होतं, आणि इथे ते रक्ताच्या प्रवाहात काम करत होतं.

दुसरी चाचणी इम्पिडन्सची, म्हणजे विजेच्या वाटेतल्या अडथळ्याची. 520 ओहम. हा आकडा एकदम फार खाली आला तर लीडचं इन्सुलेशन गेलं असेल, फार वर गेला तर तार तुटली असेल किंवा जोड सैल असेल. तिने समजावायला सुरुवात केली आणि तिचं वाक्य मीच पूर्ण केलं, तेव्हा डॉक्टरांनीही मान वर करून बघितलं.

तिसरी चाचणी थ्रेशोल्डची, म्हणजे ठोका मिळवायला कमीत कमी किती व्होल्ट लागतात याची, आणि लोक घाबरतात ते हिला. "बंद करून बघतात म्हणे!" असं बाकावर कुणीतरी पुटपुटलं होतं. तसं नसतं. पेसमेकर आधी हृदयाची गती तुमच्या नेहमीच्या गतीपेक्षा थोडी वाढवतो, म्हणजे सगळे ठोके त्याच्या हातात येतात. मग टेक्निशियन त्या ठोक्यांचे व्होल्ट पायरीपायरीने कमी करत जाते. दीड, सव्वा, एक, पॉइंट आठ, पॉइंट सहा. पडद्यावर पेसमेकरच्या प्रत्येक उभ्या रेघेमागे हृदयाचा छोटा उंचवटा उमटत असतो. पॉइंट पाचला रेघ आली आणि मागे उंचवटा आला नाही. तेवढं दिसताक्षणी चाचणी थांबली, जुनी सेटिंग परत लागली, आणि त्या एका रिकाम्या रेघेनंतर माझ्याच हृदयाने आपला ठोका टाकला. "काका, पॉइंट सहा. मस्त आहे."

जाणवलं काय? वरच्या कप्प्याच्या चाचणीत थोडी धडधड, जिना भरभर चढल्यावर होते तेवढी. खालच्या कप्प्याच्या वेळी मात्र मानेत ठोके उडाल्यासारखं वाटलं. वरचा आणि खालचा कप्पा काही क्षण नेहमीच्या क्रमाने चालत नाहीत, त्यामुळे तसं होतं. कुणाला क्षणभर हलकं वाटतं, कुणाला छातीत पोकळी वाटते. ते वाटलं की लगेच सांगावं, लगेच थांबवतात. मला तर वाटत होतं अजून थोडा वेळ चालावी! आपल्याच हृदयाचा थ्रेशोल्ड मोजला जाताना बघायची संधी कितीदा मिळते?

आणि आता ते दोन-तीन महिन्यांचं कारण. लीडचं टोक हृदयाच्या आतल्या भिंतीला टेकतं तेव्हा शरीराला ते परकं असतं. तिथे थोडी सूज येते, मग व्रण धरतो, आणि या काळात थ्रेशोल्ड वर चढतो. म्हणून बसवताना व्होल्टेज मुद्दाम जास्त ठेवतात, माझं साडेतीन होतं. ही सूज कमी राहावी म्हणून लीडच्या टोकातच स्टेरॉइड औषध भरलेलं असतं आणि ते हळूहळू झिरपत राहतं. केवढा विचार केलाय कुणीतरी! महिने गेले, व्रण पक्का झाला, थ्रेशोल्ड स्थिरावला, की मग जास्तीचं व्होल्टेज कशाला वाया घालवायचं? थ्रेशोल्डच्या निदान दुप्पट ठेवलं की सुरक्षित अंतर राहतं. डॉक्टरांनी माझं दोन व्होल्टवर आणलं.

मी लगेच मनात हिशेब केला. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. साडेतीनचा वर्ग सव्वाबारा, दोनचा वर्ग चार. प्रत्येक ठोक्याची ऊर्जा एक तृतीयांशावर! माझ्या बॅटरीचा अंदाज पडद्यावर साडेनऊ वर्षांवरून साडेदहावर गेला. ज्यांना शंभर टक्के ठोके पेसमेकरचे लागतात त्यांच्या बॅटरीला तर हा बदल आणखी लाभतो. म्हणून सांगतो, ही तपासणी चुकवू नका. "मला काही त्रास नाही, कशाला जायचं?" असं म्हणणारी माणसं मी बघितली आहेत. त्यांची डबी महिनोन्महिने गरजेपेक्षा जास्त व्होल्ट देत बसते.

बॅटरीचं आणखी एक गणित. अशा डबीत साधारण एक अँपिअर-अवरची लिथियम-आयोडीन बॅटरी असते आणि सगळं मिळून खर्च दहा मायक्रोअँपिअरच्या आसपास. भागाकार करा: एक लाख तास. अकरा वर्षांच्या वर! ती अचानक मान टाकत नाही. बदलायची वेळ जवळ आली की डबी तशी खूण देते, आणि त्यानंतरही साधारण तीन महिन्यांची सवड असते. म्हणूनच पुढच्या तपासण्या सहा महिन्यांनी, वर्षाने ठेवतात आणि शेवटी शेवटी जवळ आणतात. प्रोग्रामर नसेल तरी एक उपाय आहे: जाड कड्यासारखं लोहचुंबक डबीवर धरलं की पेसमेकर ऐकणं थांबवून एका ठरलेल्या गतीने ठोके देतो, आणि बॅटरी उतरू लागली की ही गती बदलते. गती कंपनीगणिक वेगळी. चुंबक उचललं की पुन्हा पूर्ववत.

हे कळलं आणि मोबाइलबद्दलची सूचनाही नीट डोक्यात बसली. मोबाइल शर्टाच्या डाव्या खिशात ठेवायचा नाही, डबीपासून निदान सहा इंच लांब, आणि बोलताना उजव्या कानाला. काही नव्या फोनांमध्ये पाठीमागे चार्जिंगसाठी चुंबकं असतात, तिथे तर जास्तच जपायचं. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट. मिक्सर, फ्रिज, टीव्ही, मायक्रोवेव्ह खुशाल वापरा. विमानतळावर किंवा मोठ्या देवळात मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून सरळ चालत जायचं, तिथे रेंगाळायचं नाही. हातातलं यंत्र छातीवर फिरवत ठेवू द्यायचं नाही, कार्ड दाखवायचं. वेल्डिंगपासून लांब. एमआरआय सांगितला तर आधी पेसमेकर आहे हे सांगायचं. आता बरेच पेसमेकर ठरावीक अटींवर एमआरआयला चालतात, पण त्याआधी सेटिंग बदलावी लागते. मी 220 केव्हीच्या स्विचयार्डबद्दल विचारलं. डॉक्टर म्हणाले, आता निवृत्त आहात ना, मग लांबूनच बघा; जे अजून नोकरीत आहेत त्यांनी मात्र कामाची जागा सांगून सल्ला घ्यायलाच हवा.

त्यानंतर मला कॉरिडॉरमध्ये चालून यायला सांगितलं. डबीत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. थकलेला सायनस नोड चालताना गती वाढवायला कचरतो, तेव्हा हा सेन्सर सांगतो की माणूस चालतोय, आता वाढव. खडबडीत रस्त्यावर गाडीत नुसतं बसलं तरी त्याला कधीकधी आपण चालतोय असं वाटू शकतं, आणि सायकल मारताना छाती फारशी हलत नाही म्हणून तो उलट कमी दाद देतो. म्हणून "तुम्ही दिवसभर काय करता?" हा प्रश्न विचारतात. तो गप्पांचा नसतो. त्याचं उत्तर नीट द्यावं.

शेवटी डॉक्टरांनी नोंदलेले प्रसंग उघडले. एका पहाटे काही सेकंद माझा वरचा कप्पा फार वेगाने धावला होता. मला पत्ताही नव्हता, मी झोपेत होतो, पण डबीने वेळेसकट लिहून ठेवलं होतं. अशा धावा वाढल्या, लांबल्या तर रक्ताची गुठळी होऊन मेंदूला धोका असतो आणि रक्त पातळ करायची गोळी लागू शकते. माझ्यासाठी सध्या फक्त लक्ष ठेवायचं ठरलं. पण केवढी गोष्ट आहे ही! पूर्वी हे बऱ्याचदा झटका आल्यावरच कळायचं.

घरी आलो तो वाचतच बसलो. सायनस नोड कसा सापडला ठाऊक आहे? 1906 चा उन्हाळा, इंग्लंडमधलं केंट. मार्टिन फ्लॅक नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी मोल या जमिनीत बिळं करणाऱ्या छोट्या प्राण्याचं हृदय सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होता. त्याचे गुरू आर्थर कीथ पत्नीबरोबर सायकलवरून फिरायला गेले होते. ते परतले तेव्हा फ्लॅकने त्यांना उजव्या कप्प्यातली ती वेगळीच रचना दाखवली. पुढच्या वर्षी दोघांनी ती जगासमोर मांडली. माझ्या छातीत थकलेला तो पुंजका पहिल्यांदा एका मोलमध्ये दिसला!

आणि जी गोष्ट वाचता वाचता मी उभाच राहिलो ती अमेरिकेतल्या मिनेसोटाची. 1957 मध्ये तिथे डॉ. लिलेहाय मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया करत. काही मुलांचे ठोके त्यानंतर मंदावत आणि त्यांना बाहेरून पेसमेकर लावावा लागे. तो पेसमेकर भिंतीतल्या प्लगवर चालणारा, चाकांच्या गाड्यावर ठेवलेला. 31 ऑक्टोबरला शहराची वीज गेली. काही तास. त्यात एक मूल दगावलं. मी वीज मंडळातला माणूस. ब्रेकडाऊन झाला की फोन कुठून कुठून येतात ते मी ऐकलंय, आणि रुग्णालयाच्या फीडरचं नाव आलं की आमची कशी धावपळ व्हायची तेही आठवतं. ते वाक्य मला पुढे वाचवेना. लिलेहायनी अर्ल बॅकन या दुरुस्ती करणाऱ्या इंजिनिअरला बॅटरीवरचं काही करायला सांगितलं. त्याने एका मासिकात छापलेलं मेट्रोनोमचं सर्किट आठवून काढलं, दोन ट्रान्झिस्टरचं, आणि साधारण चार आठवड्यांत हातात मावेल अशी पेटी बनवली. कुत्र्यावर चाचणी झाली. दुसऱ्या दिवशी बॅकन रुग्णालयात गेला तर ती पेटी एका मुलाच्या अंगाला लावलेली होती, आणि मूल जिवंत होतं.

पुढच्याच वर्षी, 8 ऑक्टोबर 1958 ला, स्टॉकहोमजवळच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात सर्जन सेनिंग आणि इंजिनिअर एल्मक्विस्ट यांनी आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला. सर्किट बूट पॉलिशच्या डबीत ठेवून त्यावर इपॉक्सी ओतलेलं. तो काही तासच चालला. दुसराही फार टिकला नाही. पण लार्सन टिकले! आयुष्यात वीसहून जास्त पेसमेकर बदलत ते 2001 पर्यंत जगले, 86 वर्षांचे होऊन, आपल्या सर्जनच्या आणि इंजिनिअरच्याही मागे. तिकडे अमेरिकेत विल्सन ग्रेटबॅच हृदयाचे आवाज नोंदवणारं सर्किट जोडत होता. त्याच्या हाताला दहा किलोओहमऐवजी एक मेगोहमचा रेझिस्टर लागला, आणि सर्किट क्षणभर ठोका देऊन सेकंदभर गप्प राहू लागलं. तो बघतच राहिला. पुढे लिथियम-आयोडीन बॅटरी पेसमेकरमध्ये आणण्यात त्याचाच पुढाकार होता. त्याआधीच्या बॅटऱ्या दोनेक वर्षांत संपायच्या. माझी साडेदहा!

एक गोष्ट बोलायला लोक कचरतात, मी माझ्या मुलीशी स्पष्ट बोललो. दहनाआधी पेसमेकर काढावा लागतो, कारण उष्णतेने बॅटरी फुटते. काढलेल्या डबीत बॅटरी शिल्लक असेल तर तिचं काय करावं, यावर मुंबईशी जोडलेलं एक काम झालं आहे. अमेरिकेत मृत व्यक्तींचे पेसमेकर कुटुंबाच्या संमतीने काढून, तपासून, निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात 53 गरजू रुग्णांना बसवले गेले, आणि ते नीट चालल्याचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. मी जाईन तेव्हा माझ्या डबीत काही वर्षं उरली असतील, तर असं कुठे करता येईल का याची चौकशी करायला मी मुलीला सांगून ठेवलं आहे. ती आधी गप्प झाली, मग म्हणाली, "बाबा, साडेदहा वर्षं आहेत अजून."

तपासणीचा प्रिंटआउट मी मागून घेतला आहे. फाइलीत वरचाच कागद तो आहे, आणि त्याच्या मागच्या बाजूला पुढच्या वेळचे प्रश्न लिहायला घेतलेत. रात्री किमान गती साठच का, झोपेत ती पन्नास ठेवली तर किती बॅटरी वाचेल? वरच्या ठोक्यानंतर खालच्यासाठी तो किती मिलिसेकंद थांबतो, आणि चालताना ते थांबणं कमी होतं का? थ्रेशोल्ड स्वतःच मोजून व्होल्टेज आपोआप ठेवणारे पेसमेकर असतात म्हणे, माझ्यात ती सोय आहे का, आणि असली तर चालू का नाही?